भाषणातला दीपस्तंभ खरा बघायचा असेल तर कुठं जावं?

बालाघाटचा_मास्तर (धागाकर्ता)

मंडळी, राम राम. मी अंबाजोगाईचा. ३४ वर्षं गणित शिकवलं आणि गेल्या महिन्यात निवृत्त झालो. निरोप समारंभात ११ जणांनी भाषणं केली. त्यातल्या ७ जणांनी मला दीपस्तंभ म्हटलं. (मोजायची सवय, दुसरं काय.) आठव्यानं वटवृक्ष म्हटलं, तो निदान शाळेच्या दारात उभा आहे.

शाल-नारळ घेऊन घरी आलो. चहा ठेवता ठेवता बायकोनं विचारलं, "अहो, दीपस्तंभ असतो तरी कसा? तुम्ही बघितलाय का?" खरं सांगायचं तर नाही. समुद्र एकदाच बघितला, शाळेच्या सहलीत. ४२ पोरं नेली होती, ४२ परत आणली. मोजण्यात समुद्र राहूनच गेला.

आपल्या मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना कुठून समुद्राचा वारा लागत नाही. तरी शाळेच्या गॅदरिंगपासून पतसंस्थेच्या उद्घाटनापर्यंत दीपस्तंभाशिवाय माईक खाली ठेवत नाहीत. सभागृहातल्या एकानं तरी तो बघितला असेल का, शंका आहे.

तर एक दीपस्तंभ जवळून बघायचाय, जमलं तर वर चढून. बायकोचे गुडघे दुखतात, फार चढ नको. आणि एक बाळबोध शंका आहे. रात्री तो समुद्रावर झोत टाकून जहाजांना वाट दाखवतो ना? एवढ्या मोठ्या समुद्राला एका दिव्याचं कसं पुरत असेल?

गोदाकाठची_सई

रुमाल टाकून ठेवते. पहिल्या परिच्छेदालाच हसले.

नांदेडचा_खलाशी

सर, नमस्कार. मूळ नांदेडचा, सध्या व्यापारी जहाजावर सेकंड ऑफिसर. रात्रीची १२ ते ४ ही माझीच पाळी, त्यामुळं यावर बोलायचा थोडा हक्क आहे.

वाट बिट काही दाखवत नाही तो. समुद्रावर उजेड पडावा म्हणून तो नसतोच. आम्ही कितीही जवळ गेलो तरी त्याच्या उजेडात पाणी दिसत नाही, आणि पाणी दिसायला लागलं तर समजायचं, नोकरी गेली. तो फक्त सांगतो, "मी अमुक ठिकाणचा." तू कुठं आहेस, ते तुझं तू काढ.

हे सांगतो कसा, तर लुकलुकीवरून. प्रत्येक दीपगृहाची चाल वेगळी असते. कुणी दर दहा सेकंदांनी एकदा चमकतो, कुणी लागोपाठ तीनदा चमकून गप्प बसतो. शेजारच्या दोघांची चाल कधीच सारखी ठेवत नाहीत. ही सगळी माहिती नकाशावर आणि दिव्यांच्या यादीत छापलेली असते. क्षितिजावर दिवा दिसला की आम्ही स्टॉपवॉच काढतो, चार-पाच फेऱ्या मोजतो आणि यादीशी ताडून बघतो. एका फेरीवर कधी विश्वास ठेवायचा नाही, मोजायला कुठं सुरुवात केली यात माणूस चुकतो. मग होकायंत्रावरून त्याची दिशा घ्यायची, नकाशावर रेघ मारायची. दुसऱ्या दिव्यावरून दुसरी रेघ. जिथं छेदतात तिथं आपण. तुमच्या नववीच्या भूमितीवर पोट आहे आमचं.

दिवसा चालीचा उपयोग नाही, म्हणून स्तंभ रंगवतात. कुणाला लाल-पांढरे पट्टे, कुणाला काळे-पांढरे. तोही ओळखीसाठीच, शोभेसाठी नाही.

एक गोष्ट मात्र बघण्यासारखी असते. दिवा क्षितिजावर यायच्या आधी त्याची झाक दिसते. जत्रा गावाच्या पलीकडं असते, पण आभाळात उजेड कळतो ना, तशी. कित्येक दिवसांनी भारताच्या किनाऱ्याची पहिली खूण अशी झाक म्हणूनच भेटते.

बालाघाटचा_मास्तर

छेदणाऱ्या दोन रेघा! हे मला ३४ वर्षांत कुणी सांगितलं नाही. पोरं विचारायची, "सर, ह्याचा उपयोग काय?" आणि मी म्हणायचो, "परीक्षेत येतं."

किती लांबून दिसतो हे कसं काढतात?

नांदेडचा_खलाशी

दिव्याची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, साधारण ३.६ ने गुणा. किलोमीटर आले. आपला डोळा ज्या उंचीवर आहे त्याचंही तसंच काढून बेरीज करा.

बालाघाटचा_मास्तर

थांबा, मांडून बघतो. दिवा ४९ मीटरवर, वर्गमूळ ७, म्हणजे २५ किलोमीटर. तुम्ही जहाजावर १६ मीटर उंचीवर उभे, वर्गमूळ ४, म्हणजे १४. एकूण ३९. हे तर पृथ्वीची त्रिज्या आणि पायथागोरस! स्पर्शिका त्रिज्येला लंब असते, एवढ्यावरच सगळं निघतं. बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, भाजी करपायली.

नांदेडचा_खलाशी

बरोबर. प्रकाश हवेत किंचित वाकतो, म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्तच दिसतं. अर्थात दिव्यात तेवढा जोर आणि हवा स्वच्छ पाहिजे. जूनच्या पावसात सगळी गणितं ओली होतात.

खडूस_परभणीकर

सगळं ठीक आहे, पण जीपीएसच्या जमान्यात हे म्हणजे सरकारी पांढरे हत्ती. मोबाईलवर जागा कळायली, मग एवढे मनोरे पोसायचे कशाला? आमच्या करातूनच ना?

नांदेडचा_खलाशी

करातून नाही दादा. भारतीय बंदरात येणाऱ्या जहाजांकडून दिव्यांसाठी वेगळं शुल्क घेतात. १९२७ च्या दीपगृह कायद्यात ते होतं. २०२१ मध्ये त्याजागी सागरी दिशादर्शक साधनांचा नवा कायदा आला, त्यातही आहे. म्हणजे दिव्याचं तेल बघणाऱ्यानंच भरायचं.

आणि जीपीएसचं म्हणाल, तर आखातात आणि काळ्या समुद्रात गेली काही वर्षं सिग्नल बिघडवायचे प्रकार सर्रास चालू आहेत. पडद्यावर आमचं जहाज विमानतळावर उभं दिसतं. तेव्हा कॅप्टन पहिलं वाक्य बोलतो, "खिडकीतून बाहेर बघ." आता बऱ्याच दीपगृहांवर दिव्याच्या जोडीला रडारच्या पडद्यावर खूण उमटवणारी यंत्रं आहेत आणि २६/११ नंतर जहाजांवर नजर ठेवणारी साखळीही त्याच मनोऱ्यांवर बसवलीय. मनोरा आहे म्हणून अँटेना उंच आहे.

खडूस_परभणीकर

शुल्काचं माहीत नव्हतं. बरं. पण अर्धाच मुद्दा मान्य.

तगरचा_वाटसरू

मी धाराशिवचा, तेरजवळचा. मास्तरांनी "समुद्राचा वारा लागत नाही" म्हटलं म्हणून राहवलं नाही.

तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेलं 'पेरिप्लस' आहे, त्यात पैठण आणि तगर दोन्ही येतात. भडोचहून पैठण २० दिवसांच्या वाटेवर, तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगरहून कापड गाड्यांत घालून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जायचं आणि तिथून जहाजात चढायचं. म्हणजे आपल्या बैलगाडीचं शेवटचं ठेसन बंदर होतं.

आता दिव्याचा मुद्दा. त्याच ग्रंथात भडोचच्या आखाताचं वर्णन आहे. तोंड अरुंद, तळाशी वाळूचे बांध, भरती-ओहोटी भयंकर. परक्या जहाजाला आत शिरणं मुश्कील. म्हणून तिथल्या राजाच्या नोकरीतले कोळी मोठ्या होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जायचे आणि जहाजं ओढत, वळवत आत आणायचे. दीपगृह नव्हतं, तेव्हा माणूसच दीपगृह होता.

बाकी, सातवाहनांच्या नाण्यावर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे (यज्ञश्री सातकर्णीचं). अजिंठ्याच्या चित्रात जहाज आहे. २०२५ मध्ये नौदलात घेतलेली शिवणीची नौका 'कौंडिण्य' अजिंठ्याच्याच चित्रावरून बांधली. खिळे नाहीत, फळ्या काथ्यानं शिवलेल्या. आपल्या मराठवाड्यातल्या डोंगराच्या पोटातलं चित्र बघून कारवारला जहाज नौदलात दाखल होतं, यापेक्षा जास्त समुद्र कुणाला पाहिजे?

आणि आपल्या देवळांपुढच्या दीपमाळा विसरू नका. माझ्या मते दीपगृहाची कल्पना तिथूनच...

गोदाकाठची_सई

वाटसरूदादा, दीपमाळेपर्यंत तुमच्यासोबत होते, पुढं नाही. दीपमाळ उत्सवात लावतात, वर्षातून मोजक्या रात्री. दीपगृह एक रात्र चुकलं तर माणसं मरतात. दोन्ही उंच आहेत म्हणून नातं लावायचं, तर दौलताबादचा चांदमिनारही दीपगृह ठरेल!

देवळाचंच उदाहरण हवं असेल तर महाबलीपुरमचं घ्या. तिथं टेकडीवर पल्लवांचं ओलक्कणेश्वराचं देऊळ आहे, त्याच्या माथ्यावर आग पेटवून जहाजांना खूण द्यायचे असं मानतात. आताचं दगडी दीपगृह १९०४ चं, ते त्याच देवळाला खेटून उभं आहे. आम्ही गेलो होतो. वरून जुना दिवा आणि नवा दिवा एका नजरेत येतात.

तगरचा_वाटसरू

दीपमाळेचं मागे घेतो. ओघात गेलो.

सेलूची_लेक

माझे मामा दीपगृहावर होते. सत्तरच्या दशकात परीक्षा दिली, नोकरी लागली आणि जालना जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावातून उठून थेट समुद्रात. त्यांची काही वर्षं वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर गेली. तिथल्या बर्न्ट आयलंडवर दीपगृह आहे आणि खालच्या गुहांमध्ये पाकोळ्यांची वसाहत. डाळ-तांदूळ, रॉकेल, पिण्याचं पाणी सगळं होडीतून. समुद्र खवळला की होडी नाही. आजी रेडिओवर कोकणातल्या पावसाची बातमी लागली की जेवायची नाही.

मामा सांगायचे, जुन्या दीपगृहांत भिंग फिरवायला मोठ्या घड्याळासारखं यंत्र असायचं. जड वजन साखळीनं वर ओढायचं, ते हळूहळू खाली येताना चाकं फिरायची. रात्रीत कितीदा तरी उठून ते वजन ओढावं लागे. "विहिरीचं पाणी शेंदल्यासारखं," म्हणायचे. दिवा म्हणजे रॉकेलच्या वाफेवर जळणारी जाळी. लग्नाच्या वरातीत डोक्यावर पेट्रोमॅक्स असायचा बघा, त्याच जातीचा. एवढ्याशा जाळीचा उजेड ते भिंग पंचवीस-तीस किलोमीटरवर फेकायचं.

हे भिंग फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसाचं डोकं. एक अखंड जाड भिंग टनावारी भरलं असतं. त्यानं त्याचे काचेचे गोल पट्टे पाडले, प्रत्येकाला नेमका कोन दिला. १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआनच्या दीपगृहावर पहिलं बसलं. तरी मोठ्या आकाराची भिंगं प्रचंड जड, म्हणून ती पाऱ्याच्या कुंडावर तरंगत ठेवायचे. मामा एका मोठ्या दीपगृहावर असताना ते बोटानं ढकलून फिरवून दाखवायचे म्हणे. त्या पाऱ्याच्या वाफा अंगाला वाईट, हे तेव्हा कोण सांगणार?

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. सकाळी दिवा विझवला की मामांचं पहिलं काम काचेच्या खोलीचे पडदे ओढायचं. का? तर दिवसा तेच भिंग उलटं काम करतं. सूर्याचा उजेड आत गोळा होतो आणि दिव्याचे भाग तापून निघतात, आगसुद्धा लागू शकते. लहानपणी आपण भिंगानं कागद जाळायचो, तसंच.

सुट्टीत गावी आले की रात्री दोन-तीनदा उठून अंगणात जायचे. आजीनं महिनाभर ओव्याचा काढा पाजला, पोट बिघडलंय समजून.

खडूस_परभणीकर

ओव्याचा काढा! ताई, मामांवर वेगळा धागा काढा. पहिला प्रतिसाद माझा.

बालाघाटचा_मास्तर

सेलूच्या लेकी, तुझा प्रतिसाद बायकोला मोठ्यानं वाचून दाखवला. ती आजीच्या जागी अडकली, पुढचं ऐकेचना.

मंडळी, जागा सुचवा आता. दिवाळीनंतर निघायचा विचार आहे.

गोदाकाठची_सई

सर, देशभरात लहान-मोठी दोनशेच्या आसपास दीपगृहं आहेत. गेल्या काही वर्षांत पर्यटनासाठी बरीच खुली केली, २०२४ च्या फेब्रुवारीत एकदम ७५ दीपगृहांच्या पर्यटन सोयींचं लोकार्पण झालं. लिफ्ट पाहिजे तर चेन्नई. तिथलं मरीनावरचं दीपगृह १९७७ चं. त्याच्या आधीचा दिवा हायकोर्टाच्या घुमटावर होता, १८९४ पासून! न्यायदेवतेच्या डोक्यावर दिवा, खाली अंधार की उजेड ते वकिलांना विचारा.

अंदमानला गेलात तर जुनी लाल वीस रुपयांची नोट सोबत ठेवा. मागच्या बाजूला नारळाची झाडं आणि समुद्र आहे ना, ते पोर्ट ब्लेअरजवळचं (आताचं श्री विजयपुरम) दृश्य, आणि त्यात नॉर्थ बेचं दीपगृह आहे. म्हणजे सर, तुम्ही दीपस्तंभ पाहिलाय. शेकडो वेळा भाजीवाल्याला दिलाय.

त्याच अंदमान-निकोबारच्या पार खालच्या टोकाला इंदिरा पॉइंट, १९७२ चं दीपगृह. २००४ च्या त्सुनामीच्या वेळी तिथली जमीनच चार मीटरहून जास्त खचली. जमिनीवर बांधलेला मनोरा पाण्यात उभा राहिला. फोटो बघून पोटात कालवतं.

नांदेडचा_खलाशी

मिनिकॉय राहिलं. लक्षद्वीपचं, १८८५ चं. देश १९४७ ला स्वतंत्र झाला, पण हे दीपगृह सिलोनच्या इंग्रजी दीपसेवेकडं होतं, भारताच्या ताब्यात आलं १९५६ मध्ये. आपल्याला पोलीस ॲक्शनमुळं १३ महिने उशीर झाला म्हणून आपण सांगत बसतो. त्यांचा उशीर बघा.

तगरचा_वाटसरू

आणि खांदेरी! थळच्या समोरचं बेट. महाराजांनी १६७९ मध्ये तिथं किल्ला बांधायला घेतला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. आरमारं घेऊन आले, काही चाललं नाही. १८६७ मध्ये त्याच किल्ल्यात इंग्रजांनी दीपगृह उभारलं, आपल्या मुंबईला येणाऱ्या जहाजांसाठी. आज ते बेट कान्होजी आंग्रेंच्या नावानं आहे आणि २०२५ मध्ये किल्ला जागतिक वारशाच्या यादीत गेला. ज्यांच्या धाकानं इंग्रज दिवे मालवायचे त्यांच्या नावाच्या बेटावर दिवा! (दिवे मालवायचे हे माझं पदरचं, सईताई, रागावू नका.)

मुंबईतच कुलाब्याच्या टोकाला प्रॉन्ग्सचं दीपगृह, १८७५ चं, बरोबर समुद्रात. मोठी ओहोटी असली की खडकांवरून चालत जाता येतं, असं म्हणतात. पण गुडघ्यांना नाही जमायचं.

सेलूची_लेक

कोर्लईला जा. अलिबागच्या पुढं, रेवदंड्याच्या खाडीपलीकडं. पोर्तुगीज किल्ल्याच्या पायथ्याशी दीपगृह आहे, गाडी जवळपर्यंत जाते. गावातले ख्रिस्ती लोक आजही घरात पोर्तुगीज-मराठी मिसळीची स्वतःची बोली बोलतात. वेळ आधी विचारून घ्या मात्र. आम्ही एका दुसऱ्या दीपगृहावर पाच मिनिटं उशिरा पोचलो. साडेचारशे किलोमीटर गाडी हाकून आलोय म्हटलं, तरी फाटक उघडलं नाही. तेव्हा चिडले होते. मामा असते तर त्यांनीही उघडलं नसतं.

सर_मी_सातवा

सर, ओळखलं का? २००९ ची बॅच, शेवटचा बाक. निरोप समारंभात सातवा दीपस्तंभ माझा होता. हा धागा दोनदा वाचला आणि कानाला हात लावला. पुढच्या महिन्यात मुख्याध्यापकांचा सत्कार आहे. आता काय म्हणू?

बालाघाटचा_मास्तर

अरे, ओळखलं तर! शेवटच्या बाकावरून तुझं उत्तर नेहमी शेजाऱ्यासारखंच यायचं, इथंही सहांचं बघून तेच लिहिलंस. मैलाचा दगड म्हण. तो निदान बीड रोडला आहे.

बालाघाटचा_मास्तर

(तीन आठवड्यांनी)

जाऊन आलो. कोर्लईच.

लातूरहून रात्रीच्या गाडीनं मुंबई, तिथून लाँचनं मांडवा, पुढं एसटी. वेळ आधी विचारली होती, अर्धा तास आधीच जाऊन बसलो. वर चढताना गुडघे बायकोचे दुखणार होते, दम मला लागला. ती आधी पोचली. आत काचेची खोली, आणि सेलूच्या लेकी, पडदे ओढलेले! तिथल्या माणसाला विचारायच्या आत बायकोनंच सांगितलं त्याला, पडदे कशाला असतात ते. तो म्हणाला, "बाई, तुमचं कुणी आहे का आमच्यात?" ती म्हणाली, "एका ओळखीच्यांचे मामा होते."

समुद्र बघितला. या वेळी मोजायला पोरं नव्हती.

रात्री मुक्कामाच्या घराच्या ओसरीवर खुर्च्या टाकून बसलो. झोत-बीत काही नाही, खलाशीदादा म्हणाले तसंच. अंधारात एक ठिपका पेटतो, जातो, पेटतो. मी घड्याळ काढून एक फेरी मोजली. बायकोनं मोबाईलवर मोजली. दोघांच्या उत्तरात एक सेकंदाहून जास्त फरक. मी म्हटलं, तुझं चुकलं. ती म्हणाली, मी दहा फेऱ्या मोजून दहानं भागलं, तुम्ही एकीवर थांबलात.

खलाशीदादा, यादीत बघून सांगता का, कुणाचं बरोबर?

नांदेडचा_खलाशी

सर, यादी बघायची गरज नाही. काकूंचं धरा.